आप्पांचं जाळं आणि सेल्फी पॉइंट

आमच्या तळ्याकाठी रविवारी इतकी माणसं येतात, की सोमवारी भांडी घासताना एकेक आठवून हसायला अख्खा दिवस पुरत नाही. सोलापूर जवळ. सकाळी यायचं, होडीत फिरायचं, मासे खायचे आणि दिवेलागणीला घरी!

पूर्वी गावातल्या सगळ्या होड्या मासे धरायच्या. आता पाहुणे फिरवतात. जाळं टाकणारे एकटे माझे सासरे, आप्पा, उरलेत. जाळं वाळवायला त्यांना काठावरची एक जागा लागते. माझ्या धाकट्या दिराला, सुनीलला, नेमकी तीच जागा सेल्फी पॉइंटसाठी हवी!

एक गॉगलवाले साहेब बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "काका, इथं भरती किती वाजता येते?"

आप्पा म्हणाले, "पावसाळ्यात या की!"

सुनीलनं आमच्या खानावळीवर 'सी-फूड' असा बोर्ड लावलाय. एका बाईंनी पापलेट मागितलं. मी म्हटलं, "ताई, हितं चिलापी मिळंल, रोहू मिळंल. पापलेट न्हाय." बाई रुसल्या. मिस्टरांनी समजूत काढली, "अगं, ऑफ सीझन असेल!"

आप्पांच्या एकट्याच्या माशांवर आता खानावळ चालत नाही. त्यामुळे रविवारी सोलापूरच्या मार्केटातनं टेम्पो येतो. मागच्या दारी आम्ही क्रेट उतरवत होतो, तिथं एक पाहुणे आले. मुलांना म्हणाले, "बघा, इथला सगळा माल शहरात चाललाय! म्हणून ताजा मासा इथं येऊनच खायचा!"

मी हळूच टेम्पोचं दार लावून घेतलं.

एकदा आप्पा फाटलेलं जाळं सांधत बसले होते. एक जोडपं कौतुकानं बघत होतं. बाई म्हणाल्या, "काका, हे आम्हाला द्याल? आमच्या बाल्कनीत कबुतरं फार येतात."

आप्पांनी मानही वर केली नाही. "कबुतरं खाता व्हय?"

गेल्या रविवारी आप्पा पाण्यात असताना सुनीलनं डाव साधला. त्यांच्या जागेवर लाल बदामाची लोखंडी फ्रेम उभी केली! आप्पा परत आले. बघितलं. ओलं जाळं, शेवाळासकट, त्या बदामावरच वाळत घातलं.

सुनील धावत आला. "अवो आप्पा, वास बघा की! गिऱ्हाईक पळंल!"

गिऱ्हाईक कुठलं पळतंय! "वॉव, किती ऑथेंटिक!" म्हणत जाळ्यापुढं फोटोला लाइनच लागली.

उन्हं उतरली. संध्याकाळी जाळं पडलं नाही तर सकाळी हाताला काही लागत नाही. म्हणून आप्पा ते काढायला गेले, तर एक तरणा गडी ओरडला, "ओ काका, मध्ये कुठं घुसताय? लाइन दिसत नाही का?"

"जाळं माजं हाय."

"असेल हो! आम्हीपण कधीचे उभे आहोत."

आप्पा गुमान लाइनीच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला, तेव्हा सुनीलनं मोबाईल वर धरला.

"आप्पा, जरा हसा की!"