वाघमारे सिस्टरांची धडक

आमच्या सिडकोतल्या कॉलनीत कुठं काही पडल्याचा, फुटल्याचा आवाज आला की पाठोपाठ दुसरा आवाज यायचा, "माझ्या हातून पडलं!" विचारलेलं कुणीच नसायचं. एकदा कॉलनीच्या जेवणात वरणाचं पातेलं कलंडलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि वाघमारे सिस्टर हात वर करून उभ्या राहिल्या. "माझा धक्का लागला. बघत काय बसलात, फडकं आणा." चूक त्यांची नसली, तर मात्र त्याच पट्टीत "ही माझी नाय!" पाण्याची मोटर जळाली तेव्हा सेक्रेटरीनं ती चूक सहज त्यांच्या माथी मारून पाहिली. बिचाऱ्याला भर मीटिंगमध्ये माफी मागावी लागली.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात किंवा गुडघे दुखतात म्हणून सांगत बसतात. यांनी गाडी शिकून घेतली. लायसन काढलं आणि पांढरी छोटी गाडी दारात आणली. कॉलनीला करमणूक झाली. सिस्टर गिअर बदलताना "दुसरा... तिसरा..." असं मोठ्यानं म्हणायच्या, आणि वळणावर पोरं त्यांच्याबरोबर कोरस धरायची. सिस्टरांना त्याचं काही नव्हतं. मला म्हणायच्या, "म्हणू द्या, कुलकर्णी. मला विसर पडला तर आठवण राहील."

मी विम्याचा एजंट. त्यांच्या गाडीचा विमा माझ्याचकडून उतरवलेला. आमच्या धंद्यात अशी सरळ माणसं म्हणजे डोक्याला ताप. गाडी ठोकली की आमचं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "कुत्रं आडवं आलं." या शहरातली सगळी कुत्री आमच्या गिऱ्हाइकांची वाटच बघत बसलेली असावीत. कंपनीलाही ते ठाऊक, मलाही ठाऊक. कुत्र्यावर सगळ्यांचं भागतं.

एका दुपारी सिस्टर जालना रोडनं घरी येत होत्या. शेजारी धाकटा भाऊ सुधाकर, गावाकडून, देवगाव रंगारीहून आलेला. त्याच्या लायसनची मुदत कधीच संपलेली. करमाडच्या अलीकडं पुढच्या पिकअपनं म्हशींसाठी ब्रेक दाबला. सिस्टरांचा ब्रेक लागला, पण उशिरा. बंपर फुटला, दिवा गेला, बॉनेट वर आलं. पिकअपवाला घाईत खाली उतरला आणि दाराच्या पत्र्यानं त्याचाच हात कापला.

आता आपल्याकडे धडक झाली की रीत ठरलेली आहे. बाई गाडीत बसून राहते, पुरुष खाली उतरून आवाज चढवतो. इथं सिस्टर डिकीतली औषधाची पेटी घेऊन पिकअपवाल्याचा हात धुवायला बसल्या. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, म्हणून सुधाकर स्टिअरिंगवर बसून गाडी कडेला घ्यायला लागला. "धडक झाली की आधी फोटो" हे मीच सिस्टरांना पढवलेलं. त्यांनी चहाच्या टपरीवाल्याकडे मोबाइल दिला, आणि त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. फोटोत सिस्टर रस्त्यावर उकिडव्या बसलेल्या, आणि स्टिअरिंगवर सुधाकर.

"हा फोटो कंपनीला पाठवू नका," मी म्हणालो.

"का? ह्योच तर काढलाय."

पाठवला. मी कपाळाला हात लावला.

कंपनीच्या सर्व्हेअरनं गाडी पाहिली, फोटो पाहिला, सुधाकरचं मुदत संपलेलं लायसन पाहिलं आणि दावा नाकारला. अहवालात त्यानं लिहिलं होतं की, सोबत पुरुष असताना वयस्कर महिला महामार्गावर वाहन चालवत असणे संभवत नाही. वाहन भावाच्या हाती होते आणि बहिणीचे नाव केवळ लायसनपुरते लावले आहे. त्याला तरी किती दोष देणार? असली सोंगं आम्ही रोज बघतो. पण सिस्टरांनी तो कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. दवाखान्यात काय काय पाहिलेली बाई, तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"संभवत नाय म्हंजे? मी चालवली, मी ठोकली. आन् हे सुधाकरच्या नावावर लिहायलेत?"

त्याच दिवशी त्यांनी मला देवगावची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी शाळेत काही फुटलं, हरवलं, की गुरुजींच्या आधी सगळ्यांचं बोट त्यांच्या वस्तीतल्या पोरांकडं जायचं. एकदा शाळेचा कंदील फुटला. मार सुधाकरनं खाल्ला, आणि तो त्या दिवशी तापानं घरी झोपलेला होता. दुसऱ्या दिवशी बोलावून मारला. "आईनं आमाला एकच शिकवलं, कुलकर्णी. केलं आसंल तर आधी म्हणायचं, मी केलं. आन् नसंल केलं, तर जीव गेला तरी व्हय म्हणायचं नाय." मी चहा ढवळत बसलो.

सुधाकर स्वतः मात्र तडजोडीला तयार होता. "अक्का, लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. माझं काय झिजायलंय?" सिस्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो चप्पल घालून पान खायला निघून गेला.

मग तक्रारी, फेऱ्या, साहेबांच्या केबिनी. एका साहेबानं मोठ्या मनानं मधला मार्ग काढला. कोण चालवत होतं या वादात पडायचं नाही, कंपनी अर्धी भरपाई देईल, सिस्टरांनी सही करून मोकळं व्हावं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी सिस्टरांना कोपरानं ढोसलं. त्या साहेबाला म्हणाल्या, "अर्धी कशी काय? अर्धी गाडी सुधाकर चालवत होता का?" साहेब हसला. त्या हसल्या नाहीत. केबिनबाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "सिस्टर, लोक चूक दुसऱ्यावर ढकलायला वकील लावतात. तुम्ही आपली चूक परत मागायला लावणार?"

"लावनार," त्या म्हणाल्या. "माझी हाय ती."

सिस्टरांनी एक वकिलीणबाई लावल्या आणि प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. साक्षीदार लागणार, म्हणून आम्ही पिकअपवाल्याला शोधत बिडकीनला गेलो, सिस्टरांच्याच, पदरच्या पैशानं दुरुस्त केलेल्या गाडीतून. मी दारावरचं हँडल धरून बसलो होतो आणि त्या "चौथा..." म्हणत निवांत. पिकअपवाल्याचं नाव अन्वर. भाजीच्या क्रेट उतरवत होता. कोर्टाचं नाव काढताच मागं सरला, पण ताईशी बोलावं तसं अदबीनं. "बाजी, मालिक नाराज होता. हम कहाँ इस झमेले में." मला वाटलं, सिस्टर आता अजिजी करतील, निदान त्या दिवशीच्या मलमपट्टीची आठवण देतील. छे! त्यांनी त्याचा हात उलटासुलटा करून जखमेचा व्रण पाहिला, "बरा भरलाय, पन ऊन लागू देऊ नको," एवढं म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. सबंध रस्ता मी धुसफुसत होतो.

सुनावणीच्या दिवशी अन्वर धुतलेला शर्ट घालून आयोगाच्या जिन्यात उभा होता. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. धडकेच्या दिवशी सुधाकरनं दिलेल्या नंबरावर फोन करून त्यानं नुसती तारीख विचारून घेतली होती. त्यानं शपथपत्र दिलं, आणि पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं त्याची उलटतपासणी मागितली. वकील तरुण आणि हुशार होता. त्यानं विचारलं, तू पुढच्या गाडीत होतास, तोंड पुढं. मागं स्टिअरिंगवर कोण होतं हे तुला कसं दिसलं?

मी मनात म्हटलं, संपलं.

"दिखा नहीं साब," अन्वर म्हणाला.

"मग कशावरून म्हणतोस?"

"साब, मैं उतरा तो गाली देने को उतरा था. ये बाजी सामने आए और बोले, 'गलती मेरी है, हाथ दिखाव.' इतने साल रोड पे हूँ. जो ठोकता है वोच पहले चिल्लाता है. गलती मेरी, ऐसा किसीने नहीं बोला मेरे को. न चलानेवाला आदमी ऐसा कायको बोलेगा?"

वकिलानं कागद उलटले आणि 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणून बसला. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या पदरानं चष्मा पुसत होत्या, आणि पुसून झाला तरी पुसतच होत्या.

सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेल्या. सुधाकरनं गाडी विकली नाही. लायसन नवं करून घेतलं आणि तीच गाडी देवगावला नेली. माझ्या धंद्यात काही फरक पडलेला नाही. कुत्री पूर्वीसारखीच आडवी येतात आणि मी लिहून घेतो. पण हल्ली लिहून घेताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही.

निकाल लागला तो दिवस मात्र सांगायलाच हवा. आयोगानं दावा मान्य केला. वकिलीणबाई भरपाईचं वाचायला लागल्या, तर सिस्टर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, वरचं वाचा." वरचं असं होतं की, अपघातसमयी वाहन तक्रारदार स्वतः चालवत होत्या आणि त्यांच्याकडून ब्रेक उशिरा लागल्याने धडक झाली. सिस्टरांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग येताना गुलमंडीवर गाडी थांबवून पेढे घेतले आणि संध्याकाळी कॉलनीत घरोघर वाटले. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय हो सिस्टर, कसले पेढे?"

"माझी चूक मंजूर झाली," सिस्टर म्हणाल्या, आणि डबा घेऊन पुढच्या दाराकडे गेल्या.