महालवाले चाचा

चाचांनी घडवलेला छोटासा महाल वरून बघायची कोणालाच मुभा नव्हती. येरवड्यातल्या त्यांच्या खोलीत गेलं, की आधी जमिनीवर बसायचं, गाल फरशीला टेकवायचा आणि टीचभर दारातून आत डोकावायचं. आत अख्खा दरबार. नक्षीच्या कमानी, आरशांचे तुकडे जडवलेल्या भिंती, जाळीतून पडलेला उजेड. मी ज्यांच्याकडे नकाशे काढायचे ते आमचे साहेब एकदा उभ्यानेच वाकले. चाचा म्हणाले, "वरून कावळे बघतात, साहेब." साहेब निमूट खाली बसले.

ते नेहमी छत आधी करायचे. उलटं छत मांडीवर घेऊन महिनोन्‌महिने कोरत बसायचे आणि मग त्याच्या मापाने खांब उभे करायचे. आम्ही पायापासून नकाशा काढणारी माणसं, मला हसू यायचं. त्यावर त्यांचं एकच उत्तर, "छत ठरलं की भिंती आपोआप शहाण्या होतात." त्यांच्या स्वतःच्या पत्र्याखाली पावसाळाभर दोन बादल्या मांडलेल्या असत.

हिंजवडीतल्या एका बिल्डरला नव्या इमारतीच्या लॉबीत असा दरबार हवा होता. ते काम मीच चाचांना मिळवून दिलं. आठ महिने ते खपत होते. अशात एकदा त्यांनी चाचरत विषय काढला. मुलीला, रुबीनाला, तिथल्याच कंपनीत नोकरी लागली होती आणि रोजचे चार तास बसमध्ये जात होते. तिचं कर्ज मंजूर झालं होतं, त्याच इमारतीत दोन खोल्या मिळतील का, असं ते विचारत होते. "माझ्यासाठी नाही हो ताई. पोरीच्या डोक्यावर छत चांगलं असावं."

मी विक्री बघणाऱ्या माणसाला विचारलं. त्याने आधी नाव विचारलं, मग दार लोटून घेतलं. म्हणाला, "त्यांच्यातल्यांना आपण देत नाही, मॅडम. सगळे फ्लॅट गेले म्हणून सांगा. आणि काम पुरं झाल्यावर सांगा."

मी अगदी तसंच केलं. त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर माझा फ्लॅट सवलतीत ठरला होता आणि तो हातचा जाईल, अशी भीती वाटली. याहून बरं कारण मी आजवर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

चाचा शेवटचा आरसा बसवत होते. फ्लॅट कधी गेले, एवढंच त्यांनी विचारलं. मागच्या महिन्यात, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बाहेर गेटवर 'मोजके फ्लॅट शिल्लक' असा हातभर अक्षरांचा फलक होता आणि चाचांचं मराठी वाचन माझ्याहून चांगलं होतं.

दोन वर्षांनी कोणाच्या तरी चेंडूने एक कमान फुटली. सोसायटीच्या सांगण्यावरून मी फोन केला, तर चाचा आले. दुपारभर बसून कमान जोडली. मी चहाला वर चला म्हणाले.

"नको ताई," हात पुसत ते म्हणाले, "वर जागा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. रुबीनाने मला कळवलं नाही, मला ते बाहेरूनच समजलं. पुढे सोसायटीच्या सभेत महाल काढून तिथे सोफा ठेवायचा ठराव आला. येता-जाता तो बघणं मला झेपत नव्हतं. ठरावाच्या बाजूने पहिला हात माझा होता.