लोटूभाऊंचं हळू वाचन

लोटूभाऊ बायकोच्या कानात कुजबुजले, की तीन घरं पलीकडे सुभद्राबाईंना ऐकू जायचं. यात भाऊंचा दोष नव्हता. अठरा वर्षं बमरोलीच्या कापड कारखान्यात मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचं हळू म्हणजे इतरांचं ठणाणा. भाऊंना मात्र आपण फार हळू बोलतो याचा अभिमान. "आपल्या घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही," असं ते सांगायचे, आणि तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

ही एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. परमुलखातल्या लिंबायतच्या त्या गल्लीत टीव्ही दोनच, आणि मराठी वाचनालय म्हणजे मंदिरामागच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. माग बंद असायचे त्या सुट्टीच्या दुपारी भाऊ तिथून कादंबरी आणायचे, दार लोटायचे आणि बायकोला, सुंदराला, वाचून दाखवायचे. ती मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं. आठवड्याचं सगळं जग तिच्याकडे त्या दोन तासांत यायचं.

भाऊ नुसते वाचत नसत. कापड उजेडात धरून डाग शोधावा तसं पान धरत. "या घरात पाच माणसं, कामावर एकबी जात नाही, मग रोज बासुंदी येते कुठून?" नाहीतर, "लेखकानं उभा ताणा चांगला धरला होता, आडवा बाणा सैल सोडला." प्रेमाचा प्रसंग आला की आवाज आणखी खाली आणायचे. म्हणजे तो फक्त आपल्याच गल्लीत ऐकू जायचा.

बाहेर ओट्यांवर बायका आपापल्या साड्या घेऊन बसायच्या, कात्र्यासुद्धा दबकत चालायच्या. सुंदराला ठाऊक होतं. तिनं सगळ्यांना बजावलं होतं, "ऐका, पण खोकूबी नका. त्यांना समजलं तर वाचणं बंद."

घात केला एका हिरव्या पुठ्ठ्याच्या कादंबरीनं. नवऱ्याला सोडून एकटी राहणारी मास्तरीण, आणि तिला आलेलं बिनसहीचं पत्र. भाऊंनी पत्र वाचलं, पान उलटलं, तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या प्रमिलाबाईंचा आवाज, "भाऊ, थांबा ना! पत्र कोनी लिखं? नवरानी का दुसरानी?"

प्रमिलाबाईंनी जीभ चावली, पण उशिरा. भाऊंनी दार उघडलं. ओट्यांवर अकरा बायका, मांडीवर साड्या. भाऊंना आजवरच्या सगळ्या कादंबऱ्या एकदम आठवल्या, त्यातही प्रेमाचे प्रसंग. ते कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

पुढच्या सुट्टीला ते भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात वाचू लागले. ओठ हलत, आवाज नाही. सुंदरा साडीमागून साडी उरकत राहिली. गल्लीला सुतक लागल्यासारखं झालं. नळावर प्रमिलाबाईंशी कोणी बोलेना.

तिसऱ्या सुट्टीला वाचता वाचता भाऊ एकटेच हसले.

सुंदराची कात्री थांबली. "काय व्हयनं?"

"काही नाही."

"बरं. तुम्ही एकले हसा, मी आजपासून एकली जेवते."

"अवो, साऱ्या बायका ऐकतात. लाज वाटते."

"चार वर्षं झाली ऐकतायत, मला ठाऊक होतं. मी लाजली का? या गल्लीत कुणाचा नवरा बायकोला वाचून दाखवतो, एक नाव सांगा!"

भाऊंनी पुस्तकाचा हिरवा पुठ्ठा पुसला. मग पाट उचलला, ओट्यावर मांडला आणि खाकरले. आता सगळ्यांना ऐकवायचं म्हणून त्यांनी जरा आवाज चढवला.

पत्र नवऱ्यानंच लिहिलं होतं, हे त्या दुपारी लिंबायतच्या तीन गल्ल्यांना एकदमच कळलं. आपण ते आधीच ओळखलं होतं, असं प्रमिलाबाई आजही सांगतात. आता घरोघर टीव्ही आहे, आणि भिंतीपलीकडचं काही म्हणता काही ऐकू येत नाही.

त्या दुपारी ओट्यावर सरकायला जागा नव्हती. भाऊंच्या पाटाला लागून मात्र एकटी सुंदरा बसली होती. ती जागा कोणी मागितली नाही.