गुलबर्ग्याहून आलेलं पत्र

"एकटी पोरगी हैद्राबादला जायची न्हाई म्हणजे न्हाई!"

आळंदच्या स्टँडवर अप्पा असे ओरडले की उमरग्याहून निघालेली गाडी तिकडंच थबकली असेल. संशोधनाची जागा मिळालेली मी, एक पाय बसच्या पायरीवर ठेवून, पटकन बोलून गेले, "अक्का येईल की माझ्यासंगं!"

अक्का, माझी थोरली बहीण, नुसती निरोप द्यायला आली होती. तिने माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नेसत्या साडीनिशी गाडीत चढली.

"मग जावा," अप्पा म्हणाले.

माझ्या पुस्तकात तेव्हा अक्काच्या नावचं पत्र होतं, गुलबर्ग्याहून आलेलं. अप्पांना चोरून तिने नर्सिंगचा अर्ज केला होता. निवडही झाली होती. आठवडाभर आधी ते पुस्तकात सापडलं, तेव्हाच मी वाचलं होतं. बोलले नाही.

वर्षभरासाठी आलेली अक्का तीन वर्षं राहिली. तिच्या दखनी शिव्यांनी निम्मे रिक्षावाले सुधारले, उरलेले शहर सोडून पळाले. संध्याकाळी ती लॅबच्या फाटकाशी मेथी निवडत माझी वाट बघायची.

आत मी यीस्ट वाढवायचे. त्यातलं एक जनुक पेशीनं गप्प बसवलेलं असतं. ते कुठं जात नाही, जागच्या जागी असतं, फक्त बोलत नाही. गप्प असलं की बशीतला यीस्टचा ठिपका लाल, बोललं की पांढरा. त्याला गप्प बसवणाऱ्या प्रथिनांना धड उभं ठेवतं ते चॅपरोन, म्हणजे नवरीसंगं सासरी जाणारी पाठराखीणच. आम्ही चॅपरोन दुबळं केलं आणि लाल ठिपके पांढरे पडले. सरांनी पेढे वाटले. माझा पेढा मी फाटकाशी अक्काला नेऊन दिला.

आता मी जर्मनीत शिकवते. आळंदजवळच्या खजुरी गावची पोरगी एकटी कशी निघाली, ही गोष्ट दरवर्षी रंगवून सांगते. दरवर्षी माझी ट्रंक लहान होते नि धाडस मोठं. अक्का त्या गोष्टीत नसतेच. पण गाव म्हटलं की मला शेत आठवत नाही, पायरीवरची तिची ती नजर आठवते.

परवा फोन लावला. ती अंगणात तूर पाखडत होती.

"अक्का, तुझं गुलबर्ग्याचं पत्र मी वाचलं हुतं गं. अप्पाला सांगितलं न्हाई."

सूप थांबलं नाही.

"ठावं हाय. तू सांगशील म्हणून मीच ठिवलं हुतं तुझ्या पुस्तकात."