अण्णांच्या मोरीचं पाणी

नाशिक रोडला स्टेशनच्या मागच्या अंगाला अण्णांचं लॉज होतं. तिथे खोलीची किल्ली मिळण्याआधी पाहुण्याला एक पितळी बादली दाखवली जाई. "सकाळी ही एक. गरम. आंघोळीला भरपूर होते," असं सांगून अण्णा पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहत. तो 'बरं' म्हणाला की किल्ली हातात पडे. 'दुसरी मिळेल का' असं कुणी विचारलं तर तीही मिळे, पण अण्णांचं व्याख्यान ऐकून घेतल्यावर. त्यापेक्षा लोक एकीतच उरकत. त्यांच्यामागे आम्ही त्यांना बादलीअण्णा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझी खात्री आहे की आवडतही होतं.

नवख्या माणसाला हा कंजूषपणा वाटे. मलाही वाटला होता. पण लॉजच्या मोऱ्यांचं पाणी गटारात जात नसे. मागच्या भिंतीला खाली एक भोक पाडलेलं होतं, त्यातून ते दगडी पाटानं पलीकडच्या हौसाबाईच्या मळ्यात उतरे. दुष्काळाच्या उन्हाळ्यात हौसाबाईची विहीर आटली, तेव्हा अण्णांनी स्वतः पहार घेऊन ती भिंत फोडली होती. लॉजची विहीर खोल, तिला पाणी टिकून होतं. बाई विधवा, पदरात दोन मुली आणि सगळी भिस्त त्या एवढ्याशा मळ्यावर. दुष्काळ सरला तरी हौसाबाईची विहीर दर चैत्रात तळाला जायचीच, त्यामुळे पाट राहिला तो राहिलाच. पाहुण्यानं बादली वाया घालवू नये, कारण विहिरीला मर्यादा होती. आणि आंघोळ टाळू नये, कारण मळा वाट बघत होता. अशा दुहेरी कात्रीत अण्णांचे पाहुणे सापडलेले असत. थंडीत एखादा व्यापारी बिनआंघोळीचा निघाला तर अण्णा त्याला दारात गाठून म्हणत, "अहो शेठ, तुमच्यासाठी नाही तर कोथिंबिरीसाठी तरी न्हा."

मी तिथे गेलो तो नाइलाजानं. सरकारी छापखान्यात कारकून म्हणून लागलो होतो आणि राहायला खोली शोधत होतो. आडनाव सांगितलं की खोली कालच दिल्याचं घरमालकांना आठवायचं. दोन-तीन ठिकाणी असं झाल्यावर मी अण्णांकडे आलो आणि उगीच नंतर कटकट नको म्हणून आधीच म्हणालो, "अण्णा, आम्ही बौद्ध आहोत. चालेल ना?" ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "न्हाता ना रोज? मग झालं. पाणी कुणाच्या अंगावरचं, हे कोथिंबीर विचारत नाही." मग मला महिन्याच्या भावानं कोपऱ्यातली खोली मिळाली. पुढे माझे वडील गावाहून आले. गावात त्यांना कुणी पोहऱ्याला हात लावू दिला नव्हता. अण्णांनी त्यांना आपल्या विहिरीवर नेलं आणि रहाटाचा दोर हातात देऊन म्हणाले, "माझी पाठ धरलीय, जरा ओढता का?" पाठबीठ काही धरली नव्हती. वडील परत गेल्यावर कितीतरी दिवस गावात त्या रहाटाबद्दल बोलत होते.

जेवणात काय आहे, असं लॉजवर विचारायची सोय नव्हती. सकाळी हौसाबाई भिंतीपलीकडून टोपली देई, त्यात जे असेल ते जेवण. मोबदल्यात पैशाचं नाव नव्हतं. पाणी इकडून तिकडे, भाजी तिकडून इकडे. स्वयंपाकघरातली देठं, साली आणि ताटातलं उरलंसुरलं तिच्या म्हशीच्या घमेल्यात जाई आणि चहाचं दूध त्या म्हशीचं असे. लासलगावचा एक कांदाव्यापारी ऐन मे महिन्यात फ्लॉवरची भाजी मागू लागला, तर अण्णा अदबीनं म्हणाले, "देतो ना. पौषात या." मोरीच्या पाण्यावरची भाजी म्हणून एका यात्रेकरूनं नाक मुरडलं. त्याला त्यांनी विचारलं, "त्र्यंबकहून आलात ना? गोदामाईत वर कुणी न्हातं, खाली कुणी तीर्थ म्हणून पितं. तिथे नाही विचारलंत ते?" तो गृहस्थ त्या दिवशी मेथीची भाजी दोनदा मागून जेवला.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलत, पण चिडले की त्यांची अहिराणी बाहेर पडे. मोरीत कुणी फार वेळ पाणी ओतताना ऐकू आलं की ते दारावर टकटक करत, "इतलं पानी कसाले?" आत कपडे धुतले जात असतील, तर मग विचारूच नका. कपड्यांना कोपऱ्यावरचा परीट होता. "त्याच्या पोटावर पाय देऊ नका आणि मळ्याला सोडा पाजू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्याकडची नोकरमाणसं, गादीवाला, सुतार, सगळे हाकेच्या अंतरावरचे. लांबून स्वस्तात आणलेली वस्तू त्यांना परक्यासारखी वाटे.

ऐंशी सालाच्या आसपास हमरस्त्यावर नवी हॉटेलं झाली. खोलीतच न्हाणीघर, भिंतीला पांढऱ्या फरश्या, तोटी फिरवली की वरून पाऊस. अण्णांचे पाहुणे गळू लागले. पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळे, दुरुस्तीला पैसा नव्हता, आणि माणसं तरी किती दिवस ठेवता येतील, हे त्यांनी एकदा मला हळूच बोलून दाखवलं. लॉज बंद करावं लागेल की काय, असं वाटायला लागलं होतं. अशातच मुंबईच्या एका सहल कंपनीचा माणूस आला. दर आठवड्याला त्र्यंबकेश्वरच्या यात्रेची एक बस तो अण्णांकडे उतरवणार होता. अट एकच होती. मोऱ्या रोज ॲसिडनं घासायच्या आणि वर फिनेल ओतायचं.

अण्णा हरखले. त्यांनी ॲसिडच्या बाटल्या आणल्या, फिनेलचा डबा आणला, मोऱ्या चकचकीत करून घेतल्या. पहिली बस आली, दुसरी आली. कपाळावरच्या आठ्या गेल्या, चार वर्षांत प्रथमच त्यांनी नवं धोतर घेतलं. सगळ्या जगाला पाण्याचं शहाणपण शिकवणाऱ्या या माणसाला आपलं पाणी कुठे जातं याचाच विसर पडला. आणि तो आम्हालाही पडला होता, हेही खरं.

सकाळी ओसरीवर बसून भाजी निवडायचं काम अण्णा स्वतः करत. मला सुट्टी असली की मीही बसे. अशाच एका रविवारी त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि तिच्याकडे नुसतेच बघत राहिले. हौसाबाई जुड्या नेहमी केळीच्या सोपटानं बांधायची. ही सुतळीनं बांधलेली होती. अण्णांनी टोपलीतल्या बाकीच्या जुड्या पाहिल्या, सगळ्या सुतळीच्या. ते उठले आणि वळसा घालून मळ्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

पाटालगतचे वाफे करपले होते. मेथी पिवळी पडून आडवी झाली होती, कोथिंबीर तर उरलीच नव्हती. लग्नसराईसाठी लावलेल्या झेंडूनं माना टाकल्या होत्या. त्या झेंडूच्या भरवशावर हौसाबाईनं थोरलीचं लग्न ठरवलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. फिनेलचा वास तिथपर्यंत येत होता.

"हे कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"झाले की दिस पंधरा," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडं इतक्या दिसांनी गिऱ्हाईक आलं अण्णा. त्यात म्या कुठं मोडता घालू?"

"आणि ही मेथी?"

"बाजारातली हाय. तुमचं पाणी येतंय म्हटल्यावर भाजी द्याया नको का?"

अण्णा बांधावरच बसले. त्यांना इतकं खचलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. पायाशी पडलेली पिवळी मेथी उचलून म्हणाले, "चुकलं माझं, हौसा." ती म्हणाली, "असू द्या. उठा, ऊन लय झालं." मला तेव्हा दोघांचाही राग आला होता, एवढं सोसून गप्प राहिल्याबद्दल तिचा आणि एवढं साधं न दिसल्याबद्दल त्यांचा.

पुढच्या बसबरोबर कंपनीचा माणूस आला, तेव्हा अण्णांनी त्याला सांगितलं, "ॲसिड, फिनेल बंद. मोऱ्या राखेनं आणि काथ्यानं दिवसातून दोनदा घासून देतो. हात फिरवून बघा."

तो म्हणाला, "अण्णा, वास यायला हवा. वासाशिवाय गिऱ्हाइकाला स्वच्छ वाटत नाही. आणि हा बसचा धंदा गेला, तर तुमचं कसं व्हायचं?"

"कसं व्हायचं ते होईल. तुमचे पाहुणे दोन रात्री राहणार. ही बाई माझ्या भिंतीला भिंत लावून जन्मभर राहायची आहे."

बस गेली ती गेलीच. अण्णांनी दोन गडी लावून वाफ्यांवरची माती खरवडून काढली, नदीकाठचा गाळ आणून टाकला. थोरलीच्या लग्नाचं वऱ्हाड आपल्या लॉजवर उतरवून घेतलं आणि पैशाचा विषय काढू दिला नाही. हे सगळं करताना लॉज बुडत होतं, हे त्यांना कळत होतं. आम्ही काही मंडळी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसायचो आणि काही सुचत नसे.

ते लग्नच मग कामाला आलं. छापखान्याच्या वसाहतीतली घरं दोन खोल्यांची. लग्न, बारसं, दहावं-तेरावं काही असलं की पाहुणे कुठे निजवायचे हा प्रश्नच असे. हौसाबाईकडचं वऱ्हाड अण्णांकडे सुखात राहिलं, हे बायकांनी पाहिलं होतं. पुढच्या लग्नसराईत आमच्या सेक्शनमधल्या दोघांनी पाहुणे तिथेच उतरवले. मग तो रिवाजच झाला. माझ्या लग्नातलं मुलीकडचं वऱ्हाडही तिथेच होतं आणि माझ्या सासऱ्यांना बादलीचं व्याख्यान चुकलं नाही. छत अखेरपर्यंत गळत राहिलं, पण खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. माणसाशी नीट वागलं की चार पैसे मिळतात, असं यावरून कुणी म्हणेल. मला ते तितकं पटत नाही. पैसे मिळाले नसते तरी अण्णा तसेच वागले असते, कारण तसं ते वागून मोकळे झाले होते.

अण्णा गेले ते एका वैशाखात, दुपारच्या झोपेत. स्मशानातून परतलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मौतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, ही रीत. ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन न्हायचं. पण वसाहतीतली, गल्लीतली सगळी माणसं न ठरवता लॉजवरच आली. परीट होता, सुतार होता, छापखान्यातले आम्ही होतो. मोरीपुढे रांग लागली. कुणी साबणाला हात लावला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी डोक्यावर पाणी घेत राहिलो, तांब्यामागून तांब्या. थांबावंसं वाटेना. भिंतीपलीकडे हौसाबाई पदर खोचून, हातात खोरं घेऊन दारं धरत होती, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवत होती. किती वेळानं कोण जाणे, भिंतीखालच्या भोकातून तिचा रडवेला आवाज आला.

"पुरे भाऊ. भरले सगळे वाफे."