दोन काचांचा पंप

उंब्रजच्या पेट्रोलपंपावर तेल भरणाऱ्या नाथाजीला वेड लागलंय, असं गावात पहिल्यांदा मीच म्हणालो. मी आकाराम, ट्रकचा ड्रायव्हर; बारा वर्षं त्याच्या हातचं डिझेल घेतलेला माणूस. शहात्तर साली विलायती तेल कंपन्या सरकारच्या झाल्या आणि हायवेवरच्या पंपांच्या जुन्या पाट्या उतरल्या. लोकांनी त्या गोठ्याच्या कुडाला लावल्या. नाथाजी मात्र त्या घरी आणून रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा. ऑइलचे जुने डबे, पितळी मापं, पंपावरच्या दिव्याची गोल काच, सगळं त्यानं मिलिटरीतून आणलेल्या ट्रंकेत भरलं. कपडे गेले खुंटीवर. कुणी भंगार म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याची बायको हरणावहिनी शहाणी. ती त्या पाट्यांवर कुरडया वाळत घालायची, आणि हा बाबा कुरडयांसकट पाट्यांकडं कौतुकानं बघत बसायचा.

पण त्याच्या मनात एकच गोष्ट सलत होती. हातानं चालवायचा, डोक्यावर काचेच्या दोन बरण्या असलेला पंप त्यानं लहानपणी कराडात पाहिला होता. दांडा मागंपुढं हलवला की एक बरणी भरायची, तोवर दुसरी गाडीत रिकामी व्हायची. "मानसाला आपलं तेल डोळ्यानं दिसायचं रं, आक्या," म्हणायचा. तसला पंप मिळावा म्हणून त्यानं अख्खा जिल्हा पालथा घातला होता. एकदा जतकडं खेप घेऊन गेलो, तेव्हा रहदारी तुटलेल्या एका रस्त्याच्या कडेला मला तो दिसला आणि मी येऊन त्याला सांगून बसलो. तेवढीच माझी चूक.

त्याला दोन दिवस रजा मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. सकाळी ट्रक धुतला, हार घातला, लिंबू कापलं. दोऱ्या, पोती, पहार घेऊन निघालो आणि दुपारी तिथं पोचलो. पंपाशेजारी मेंढरं राखणाऱ्या रंगुबाईचं घर. सत्तरीची बाई. तिचा नवरा कोंडीबा संस्थानच्या काळापासून तो पंप चालवायचा. पुढं रस्ता दुसरीकडून गेला आणि पंपाच्या शेठजींनी तो त्यालाच देऊन टाकला. कोंडीबाला जाऊन सहा वर्षं झाली होती. पंपाला ताजं हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दोन्ही बरण्या लखलखीत.

आणि आमच्या शहाण्यानं, पलटणीत पंधरा दसरे शस्त्रपूजा केलेल्या माणसानं, पहिला शब्द काय काढावा?

"मावशी, केवढ्याला देनार?"

म्हातारी उसळली. "खंडेनवमीला पुजलेल्या लोखंडाचा भाव इचारतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

नाथाजीचं तोंड एवढंसं झालं. टोपी काढून त्यानं पंपापुढं डोकं टेकलं. मग दांडा हलवून बघितला, तर तो गच्च बसलेला. निदान एवढं तरी करून द्यावं म्हणून तो पिशवीतून पाना काढायला गेला. म्हातारीनं पिशवीच ओढून घेतली, तिला कुंकू लावलं आणि पंपापाशी ठेवून दिली.

"आज हत्यार उठत न्हाई. उद्या बघ."

झालं! माझा एक दिवस बुडाला. जेवायला मात्र तिनं मनापासून वाढलं. हुलग्याचं माडगं मी दोनदा मागून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उठल्यावर नाथाजी कामाला लागला. नट सोडवले, गंज खरवडला, स्वतःच्या चपलेचं चामडं कापून नवा वायसर बसवला. त्या मुलखात पाणी म्हणजे तूप, तरी रंगुबाईनं घागर आणून ठेवली. घागरीत नळी सोडून तो दांडा मारू लागला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग घळघळ आवाज झाला आणि बरणीत पाणी चढू लागलं.

दारात बसलेली म्हातारी कधी उठून जवळ आली ते कळलंच नाही. पाणी काचेवरच्या खुणेला लागलं, तशी ती मोठ्यानं ओरडली, "भरली!"

नाथाजीचा हात थांबला. म्हातारी लाजली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "मालकास्नी डोळ्यानं कमी दिसायचं. त्यांनी दांडा मारायचा, खूण म्या बघायची. तीस वर्सं."

मग दांड्यावरनं हात फिरवून तीच म्हणाली, "न्हे बाबा. पैका नगं मला. तुझ्याकडं चालता तरी ऱ्हाईल."

मी लगेच ट्रकचं मागचं फळकं पाडलं आणि दोऱ्या काढल्या. नाथाजीनं बरणी फडक्यानं पुसली. पुसतच राहिला. एवढी वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते हातात आलं होतं, आणि हा माणूस पाने एकेक करून पिशवीत भरायला लागला.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "म्या न्हेला, तर 'भरली' कोन म्हनंल?"

मी फळकं वर लावलं. कराडपर्यंत त्याला शिव्या घालायच्या असं ठरवून गाडी चालू केली, पण एकही तोंडातून निघाली नाही.