फळीवर कोण बसणार

माझे वडील कामतघरच्या एका लूमवाल्या शेटची मोटार चालवत. घरात खाणारी तोंडं सहा, कमावणारे ते एकटे. मोटारीचा फ्लोअर खाडीच्या खाऱ्या हवेने आणि सडकेवर तुंबणाऱ्या पाण्याने गंजला होता. ड्रायव्हरच्या पायाखाली भोक पडलं होतं. शेटने पत्रा बदलला नाही, भोकावर फळी टाकली आणि वडलांना म्हणाला,

"टाच फळीवर दाबून धर, गणू. काय होत न्हाय."

एकदा मानकोलीजवळ फळी सरकली. चालत्या गाडीतून वडलांचा डावा पाय सडकेवर गेला. तो घोट्यापासून कापावा लागला. शेटने माणसाबरोबर त्यांच्या चपला घरी पाठवल्या. दोन्ही. त्याच आठवड्यात त्या फळीवर दुसरा ड्रायव्हर बसला. आई लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. मी मॅट्रिक झालो आणि फौजेत भरती झालो.

तिथे व्हेईकल मेकॅनिक झालो. एकाहत्तरच्या लढाईत आमचं वर्कशॉप पश्चिम सीमेवर होतं. माझा उस्ताद हवालदार जोगिंदर. त्याचा नियम होता: गाडीला जो 'चलेगी' म्हणेल, तोच तिच्यात बसेल.

एक ॲम्ब्युलन्स आमच्याकडे उघडून ठेवली होती. को-ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्याची चाळण झालेली. सीटचे बोल्ट धरायला लोखंडच उरलं नव्हतं. तेवढ्यात वायरलेस आला. जोगिंदरने घेतला.

"ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"सर, फ्लोअर गल गया है. टाइम चाहिए. ओव्हर."

"कॅज्युअल्टी पडी है. लकडी डालो, भेजो. आउट."

मी फळी कापून सीटखाली बसवली. जोगिंदरने ती बुटाने दाबून पाहिली. "चलेगी," म्हणाला. को-ड्रायव्हरची पाळी माझी होती, म्हणून मी चढलो.

"उतर."

"उस्ताद, ड्युटी मेरी है."

"चलेगी किसने बोला? उतर, मराठे."

माझ्या जागी तो बसला. नाल्याच्या उतारावर सीट फळीसकट खाली गेली. मागचं चाक त्याच्यावरून गेलं. जखमींना आणायला निघालेली गाडी त्यालाच घेऊन परत आली. त्याच्या घरी पाठवायला त्याचं किट मी बांधलं.

नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देऊन मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला. फौजेतून सुटून आल्यावर कामतघरात गाड्या दुरुस्तीची शेड टाकली. वडील तिथे स्टुलावर बसत, कुबडी शेजारी.

एका सकाळी शेट आपल्या ड्रायव्हरसह आला. मोटार तीच. ती आता विकायची होती. घेणारा तिच्यात कल्याणपर्यंत पॅसेंजर भरणार होता.

"वरून पत्रा ठोक, डांबर फास. दिसायला बरी झाली म्हंजे झालं."

मी मॅट उचललं. फळीही तीच.

"अख्खा फ्लोअर बदलावा लागेल, शेट."

"बी.ए. झालास न् शेवटी पत्रेच ठोकतोस?"

"पत्रे ठोकतच बी.ए. झालो. ही अशी चालणार नाही."

"गाडी माझी हाय. मी सांगतो ना, चालंल!"

"मग ट्रायल तुम्हीच घ्या. मानकोलीपर्यंत."

शेटला गाडी चालवता येत होती. शिफ्ट नुकतीच सुटली होती, लूमवाले जमले. एक जण ओरडला, "बैठो ना सेठ, गाडी तो आपकीच है!"

शेटने दार उघडलं. फळीच्या कडेने खालची जमीन दिसत होती. त्याचा पाय काही आत जाईना.

वडील स्टुलावरूनच बोलले, "बसा, शेट. टाच फळीवर दाबून धरा. काय होत न्हाय."

कोणी हसलं नाही. शेटने दार लावलं.

"बदल," तो म्हणाला.

मी फळी काढून त्याच्या हातात दिली. "ही तुमची. आम्ही काही ठेवून घेत नाही." गर्दीतून ती धरून तो पायी घरी गेला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

गंजका पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. नवा पत्रा मापाने वाकवून वेल्ड केला, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारला, खालून डांबर लावलं. सीटच्या बोल्टांखाली जाड पट्ट्या दिल्या. शेटच्या ड्रायव्हरने गाडी मानकोलीपर्यंत नेऊन आणली. शेजारच्या सीटवर मी बसलो होतो. ती जागा जोगिंदरची. पत्रा हलला नाही.

जोगिंदर गोळीने मेला नाही, त्यामुळे शहिदांच्या पाटीवर त्याचं नाव नाही. म्हणून इथे लिहितो: हवालदार जोगिंदर, व्हेईकल मेकॅनिक, ड्युटीवर असताना गेला.

माझ्या शेडमधून फळी टाकलेली एकही गाडी बाहेर पडली नाही.